मुक्या पट्ट्यांवर तुझा धवला

आई,

आज लिहायचं त्राण नाही, तरी लिहितेय. बोईसरहून एसटीत उभ्याने आले. बाबांचं जेवण झालं, भांडी तशीच पडलीत. पण सुनीची हळद तोंडावर आली आणि तुला एक विचारल्याशिवाय मला पुढे काही करवत नाही. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. ओटा सारवायचा तरी "इथपर्यंतच ना?" असं विचारून विचारून मी तुला हैराण करायचे.

तर विचारायचं ते हे. मी तुझं हळदीचं गाणं, तुझा धवला, काँप्युटरमध्ये घातला. चालेल ना?

रागावू नकोस, आधी ऐकून घे.

तुझ्या धाकट्या मुलीची हळद, आणि पुढे बसून धवला बोलणारं घरात कुणी नाही! आपल्या मुरबे गावात कुणाच्याही घरी हळद असली की आधी तुला बोलावणं यायचं. तू मांडवात बसून ओळ सुरू केल्याशिवाय नवरीला हळद लावायला कुणी हात पुढे करत नसे. आणि आता तू गेल्यावर तुझ्याच दारात मांडव पडतोय, तर मागे बसणाऱ्या साऱ्या बायका आहेत आणि पुढची जागा तेवढी रिकामी.

सुनी म्हणाली, "ताई, तू एवढी काँप्युटरवाली. आईच्या चालीची कॅसेट बनव. स्पीकरवर लावू, बायका मागून म्हणतील."

तिला काय जातं बोलायला! पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून मी हो म्हटलं.

कॅसेट. आठवतं तुला, मी मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता? किती हौसेने तुझ्यासमोर ठेवला! तू बोंबील साफ करत होतीस. मान वर न करता विचारलंस, "मांडव कुठं हाय?" झालं. धवल्याचे शब्द मांडवातच उच्चारायचे, एरवी नाही, हा तुझा नेम. मी तो टेपरेकॉर्डर तसाच परत नेऊन दिला. आई, एकदा तरी मोडायचा होतास गं नेम! माझ्यासाठी नाही, सुनीसाठी.

चाल मात्र तू लपवली नाहीस. बोंबील दोरीवर टाकताना तोंड मिटून गुणगुणायचीस. ओळ संपता संपता थांबायचीस, मला कोपराने ढोसायचीस, आणि उरलेला शेवट मी गुणगुणायचे. मला वाटायचं, हा आपल्या दोघींचा खेळ. पाटीपेन्सिल हातात यायच्या आधी मी तुझ्याकडून एवढंच शिकले.

मी शिकवते त्या काँप्युटर क्लासमध्ये तिवारीजी येतात. त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी आहे, बोईसरच्या कारखान्यांतल्या पूजांना वाजवतात. त्यांनी एक नवी पेटी आणली. आपली भात्याची नव्हे, काँप्युटरला जोडायची. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सगळ्या आहेत, पण दाबल्या की टक टक एवढंच ऐकू येतं. तिला स्वतःचा आवाजच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढा निरोप ती वायरीतून काँप्युटरला देते आणि आवाज तिकडून निघतो. तिवारीजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आप ही बिठा दो. मेरे से तो गूँगी की गूँगी ही है." बदल्यात क्लास सुटल्यावर ती मला वापरायला मिळणार होती.

बसवताना जीव मेटाकुटीला आला. काँप्युटरच्या पाठीमागे, खेळाची दांडी, जॉयस्टिक, लावतात त्या जागी वायर लागते. तिच्या दुसऱ्या टोकाला दोन पिना, एकीवर 'इन' लिहिलेलं, दुसरीवर 'आउट'. पेटीलाही तशीच दोन भोकं. मी इनमध्ये इन घातली, आउटमध्ये आउट. काहीच नाही! माझ्या हातून महागाची वस्तू बिघडली या भीतीने दुपारचा डबासुद्धा उघडला नाही. मग कळलं, पेटीतून बाहेर पडतं ते काँप्युटरच्या आत जायला हवं, म्हणून पिना उलट्या लावायच्या. त्यानंतर सॉफ्टवेअरला सांगायचं, ऐकायचं कुठून आणि वाजवायचं कुठल्या आवाजात. सनईचा आवाज निवडला, तर एखाद्या रिक्षाचा भोंगा वाजावा तसं वाजलं. शेवटी बासरी ठेवली. पहिला सूर निघाला तेव्हा आनंदापेक्षा थकवाच जास्त आला, आई. हल्ली सगळ्याचं असंच होतं.

मग तुझी चाल वाजवायला घेतली.

तू दोन पट्ट्यांच्या मधून जातेस गं! एक पट्टी कमी पडते, तिच्या शेजारची जास्त होते. पेटीच्या डाव्या अंगाला एक चाक आहे, ते बोटाने ढकललं की सूर किंचित वर सरकतो. त्याने थोडं जमलं. पण ओळी काही चौकटीत बसेनात. पडद्यावर सारख्या अंतराच्या रेघा असतात, मागे टिक टिक चालू असते, आणि तुझी प्रत्येक ओळ रेघेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. मला वाटलं, माझंच चुकतंय. पुन्हा वाजवलं, पुन्हा पुसलं. शेवटी सॉफ्टवेअरमधली सगळे सूर जवळच्या रेघेवर नेऊन बसवायची सोय वापरली. बसले एकदाचे. कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे! पण नीट दिसत होते, आणि नीट दिसलं की मला धीर येतो.

जमनाकाकू बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, तुला माहीतच आहे. धवल्याच्या दोघी-तिघी बायकाही तिच्यासोबत असतात. बाजार उठल्यावर मी त्यांना क्लासमध्ये बोलावलं. पाट्या दारातच ठेवल्या, तरी सगळ्या खोलीत सुकटीचा वास. तिवारीजींनी खिडकी उघडली, तशी काकू म्हणाली, "वास घेयाला पैसे नाय लागत, भाऊ. घ्या पोटभर." ते बिचारे हसून बाहेर जाऊन उभे राहिले.

पेटीच्या पट्ट्या दाबून बघत काकू म्हणाली, "आगं, मुकी हाय ही!"

"मुकीच आहे काकू. आता ऐक."

मी कॅसेटसाठी केलेलं लावलं. बायका मान खाली घालून ऐकत राहिल्या. संपल्यावर काकूने मान वर केली.

"चाल तीच हाय," काकू म्हणाली. "पन ही थांबतच नाय. शेवटपन हीच बोलते. मंग आमी झेलायचं कुठं?"

"म्हणजे?"

"आगं, तुजी आय कधी ओळ पुरी करायची काय? अर्ध्यावर सोडायची, आमी झेलायचो. आमचं सरायच्या आत ती दुसरी उचलायची. शेवट आमचा, नलू. तिचा नाय."

मी पडद्याकडे बघत बसले. खेळ नव्हता तर तो! बोंबलांच्या दोरीपाशी मी तुझी मागची बाई होते. माझ्या एवढ्याशा गळ्यासाठी तू रोज शेवट सोडत होतीस आणि मी तो झेलत होते. आणि इथे तुझा भाग नि माझा भाग एकट्या पेटीलाच देऊन मी वर रेघांवर ताणून बसवला होता. सांगितलं का नाहीस कधी? मी एवढं विचारायचे आणि हेच नेमकं विचारायचं राहिलं!

रेघांवर बसवलेलं सगळं काढून टाकलं. पुन्हा वाजवलं, टिक टिक बंद करून, तू गुणगुणायचीस तसं. शेवट आला की हात उचलला. पहिल्या ओळीला बायका गोंधळल्या. दुसऱ्या ओळीला काकूने तोंड मिटूनच झेललं, मग सगळ्यांनी. शब्द एकीनेही उच्चारला नाही, कारण मांडव नव्हता. मी काही सांगितलं नव्हतं, आई! त्यांनाही तुझा नेम पाठ आहे.

तेव्हा माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. त्या पेटीला शब्द नाहीतच. चाल तर तूही गुणगुणायचीस. म्हणजे तुझा नेम मोडला नाही ना? मी आपली तशी मनाची समजूत घातलीय. चूक असेल तर क्षमा कर.

जाताना काकू पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "कॅशेट ऱ्हाऊ दे. तिला आमचं सरलेलं कळनार हाय काय? आमी एखाद वक्ताला लांबवतो, एखाद वक्ताला हसतो. पुढं मानूस पायजे."

"कोण बसणार पण?"

"तू."

"काकू, मी कुवारीण! धवला लग्न झालेल्या बायकांनी बोलायचा ना? आणि माझा आवाज मधेच चिरकतो. सुनीच्या हळदीत काही कमीजास्त झालं तर?"

"तुजी आय पयल्यांदा बोलली, तवा परकरात होती. चिरकली पन होती. आमी कशाला हाव मागं?"

हेही तू सांगितलं नव्हतंस. तू चिरकली होतीस! इतकी वर्षं मला वाटत आलं, तू जन्मलीस तीच तो आवाज घेऊन.

भीती गेलेली नाही. सकाळी बोंबील दोरीवर टाकताना गुणगुणून बघते, तर पहिल्याच ओळीला सूर घसरतो. सुनीला अजून सांगितलेलं नाही. दमलेय गं मी, तुझी सगळी कामं करून. त्यात हे तुझं सगळ्यांत मोठं काम माझ्याकडे येईल असं कधी वाटलं नव्हतं.

पण तुला शब्द देते. हळदीला मी पुढे बसेन. कॅसेट लावणार नाही, पेटी तिवारीजींकडेच राहील. मांडवातच तोंड उघडेन आणि तुझे शब्द तिथेच, पहिल्यांदा, मोठ्याने बोलेन. चिरकले तर चिरकले. आणि एकही ओळ पुरी करणार नाही. शेवट आला की थांबेन, आणि शेजारी बसवलेल्या सुनीला कोपराने ढोसेन.

तुझी,
नलू