बिनघंटीच्या सायकली

बाबा, काल अकोल्यात माझं भाषण झालं आणि मी पुन्हा तुमचीच गोष्ट सांगितली. गुडघ्यानं दगा दिल्यावर माझ्या बापानं सायकलच्या शर्यती सोडल्या, अमरावतीच्या बायकांना फुकट सायकल शिकवायला घेतली, आणि शिकवायच्या प्रत्येक सायकलची घंटी आधी काढून टाकली. एवढं ऐकलं की लोक टाळ्या वाजवतात आणि मी तिथंच थांबते. पुढचं कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. ते सांगायचं असेल तर तुम्हालाच.

रविवारी सकाळी मैदानावर तुम्ही जुन्या सायकली ओळीनं लावायचे आणि नवी बाई आली की तुमचं कापसाचं पुराण सुरू व्हायचं. विलायतेला आपल्या कापसाची भूक लागली होती, तेव्हा तुमच्या पणजोबांच्या बैलबंड्या म्हणे याच रस्त्यानं जायच्या, आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा दोन गावं आधी ऐकू यायच्या. "घंटी बैलाच्या गळ्यात शोभते, माय. माणसाले देवानं तोंड देलं. बाजूले व्हा म्हणायले काय जाते?" त्या काळी बायकांचं काय जायचं ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच घंटी काढली होती. रस्त्यावर मोठ्यानं बोलायचं नाही, हे ज्यांना लहानपणापासून बजावलेलं, त्यांना तुम्ही सायकलच्या निमित्तानं रस्त्यावर ओरडायला लावलं. याहून मोठी चळवळ मी पुस्तकांतही फार वाचलेली नाही.

एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. मी शाळकरी आहे, तुमच्या बिनघंटीच्या सायकलवर. पानठेल्यासमोर एक धोतरवाले काका पाठमोरे उभे आहेत. ब्रेक हाताला सापडत नाही, तोंड उघडत नाही, आणि मी काकांना, त्यांच्या पानाला आणि ठेल्याच्या अर्ध्या बरण्यांना घेऊन खाली येते. तुम्ही धावत येता. माझ्या फुटलेल्या ढोपराकडे पाहतही नाही. "पडली याचा राग नाही आला मले. मुक्यानं काहून पडली?" आज लोक मला तोंडाळ म्हणतात, आग ओकणारी म्हणतात. त्यांना काय सांगू, मी अजून त्या एका प्रश्नाचं उत्तर देते आहे.

आणि वलगावची भाजीवाली मावशी आठवते? डोक्यावरची पाटी सायकलवर आणायची म्हणून शिकायला आली, तोल महिनाभरात साधला, पण पुरुषांना बाजूला व्हा म्हणेना. तुम्ही वैतागलात. "भाजी विकतानी तं अख्खा मोहल्ला उठवते तू!" ती म्हणाली, "थो धंदा हाय भाऊ. हे तं हुकूम करणं झालं." तेवढ्यात पुढं रिकामटेकड्यांचा घोळका आला. मावशीनं डोळे मिटले आणि "वांगेऽऽ! घ्या वांगेऽऽ!" करत त्यांच्यातून आरपार गेली. तुम्ही मातीत बसून हसत होता. "चालते! वांगे तं वांगे, आवाज निघाला ना बाप्पा!"

मग तुमच्याच गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्यासोबत तुमचा आवाजही गेला. तरी टाके वाळताच तुम्ही मैदानावर आलात आणि टाळ्या वाजवून शिकवू लागलात. मी अकोल्याच्या बाजारातून तुमच्यासाठी पितळी घंटी आणली. तुम्ही ती हातात घेतली, वाजवून पाहिली, आणि घंटा बांधलेल्या बैलासारखी मान हलवून दाखवली. हसलात, पण हसण्याला आवाज नव्हता. मावशी तुमच्यावर खेकसली, "लावा ना भाऊ! घंटी लावली म्हणून तुमी का बैल होता?" तुम्ही घंटी खिशात टाकली.

कापूस निघायचे दिवस होते. वलगावच्या रस्त्यानं मैदानाकडे परतताना तुम्ही सगळ्यांच्या पुढं होतात, बायका बऱ्याच मागं. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या फाटकाशी कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. ती आणि फाटकाची भिंत यांच्या चिंचोळ्या फटीतून तुम्ही निघालात आणि तेवढ्यात ट्रॅक्टर मागं यायला लागला. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नव्हता. सायकल टाकून तुम्ही ट्रॉलीच्या फळीवर हात आपटत राहिलात, असं मावशीनं मला सांगितलं. ती लांबून जिवाच्या आकांतानं ओरडत होती. पण ट्रॅक्टरवर गाणं लावलेलं होतं, आणि तुमच्या हातांचा आवाज कापसानं गिळला.

दवाखान्यात तुमचे कपडे माझ्या हातात दिले. शर्टाच्या खिशात घंटी होती आणि तुमचा नट आवळायचा पाना होता. पाना तुम्ही रोजच बाळगायचे, हे मला माहीत आहे. तरी इतकी वर्षं मी त्या दोन वस्तूंपुढे बसते. मैदानावर पोचून तुम्ही ती लावणार होता का? की पोरीनं दिली म्हणून नुसती जवळ ठेवली होती? घंटी असती तरी त्या गाण्यात कोणी ऐकली नसती, असं सगळे समजावतात. मी हजार माणसांना पटवू शकते, बाबा. हे मात्र मला स्वतःला पटवता आलेलं नाही.

रविवारचा वर्ग आता मी घेते. मावशीच्या नाती शिकायला येतात. पहिला धडा अजून तोंडाचाच असतो, पण तो झाला की मी प्रत्येक सायकलला घंटी बसवते, तुमच्याच पान्यानं. तुमचा नियम मी मोडला आणि त्याची मला लाज वाटत नाही. हा कागद पान्यासोबत पेटीत ठेवते आहे. टाकायचा तर कुठल्या पत्त्यावर?

एकच सांगायचं राहिलं. पितळी घंटी माझ्या सायकलला आहे. रस्ताभर मी तुमच्यासारखीच ओरडत जाते, पोरी हसतात. जिनिंगचं फाटक आलं की माझं तोंड उघडत नाही. तिथं मी घंटी वाजवते.