शिरका, मोहरी आणि मालकीणबाईंचं गोड बोलणं

तर आत्या, तोकोरोतेनच्या गार शेवयांवर गोड पाक घालणारी माणसं चालीची वाईट असतात हे तुझं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. त्यांची जीभ बिघडलेली असते एवढंच मी मागच्या पत्रात कबूल केलं होतं, आणि तू ते बंदरभर केलंस. (नमस्कार राहिलाच. योने आत्या, डोकं चटईला टेकवून नमस्कार. इथे क्योतोत उकाडा असा आहे की देवळातली कबुतरंसुद्धा चोच उघडी ठेवून बसतात. तुझ्या कानातलं समुद्राचं पाणी निघालं का? आतोबांची होडी आणि आतोबांची कंबर, दोन्ही धड आहेत ना?)

तू बजावलं आहेस की ही पाचवी नोकरी, ही गेली तर मुकाट्याने आतोबांच्या होडीवर चढून माकुळं धरायची. आत्या, मला धक्क्यावर उभ्या उभ्या ओकाऱ्या होतात. तेव्हा नोकरी जाता जाता कशी राहिली ते नीट वाच, मधलं गाळू नकोस.

आमचं चहाचं दुकान देवळाच्या पायऱ्यांखाली. पण या दिवसांत चहा मागतो कोण? तू बुडी मारून काढतेस तेच शेवाळ आम्ही उकळतो, थिजवतो, विहिरीच्या पाण्यात गार करतो आणि लाकडी दट्ट्याने दाबून त्याच्या शेवया पाडतो. इथवर ही माणसं शहाणी. मग वर ओततात काळ्या गुळाचा पाक. त्या दिवशी मालकीणबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, त्यांची लेक शिनो बर्फ आणायला, आणि नेमके धूपवाले निशिवाकी दोन पाहुण्यांना घेऊन टेकले. दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पाकाचं भांडं मला दिसेना (फार शोधलं असं नाही). म्हटलं, म्हाताऱ्याला एकदा तरी आपल्या इझूच्या किनाऱ्याची चव कळू दे. शिरका घातला, सोया सॉस घातला, वर बोरभर वाटलेली मोहरी. निशिवाकींनी एक घास घेतला आणि म्हणाले, "वा. डोकं अगदी लख्ख होतं हो याने." आवडलं म्हणताहेत तर मी तिघांचाही दुसरा वाडगा भरला. "तुमचा हात फार उदार," ते म्हणाले. मी मोहरी वाढवली. "उन्हाचं तुम्हाला किती काम पडतंय आमच्यामुळे." "छे हो आजोबा, मी रिकामाच आहे," म्हणत मी तिसरा वाडगा ठेवला. पानात टाकायचं नाही म्हणून तिघांनी तोही संपवला. जाताना तिघेही डोळे पुसत होते. मला वाटलं, काय हा जिव्हाळा.

मालकीणबाई आल्या, मोहरीची रिकामी वाटी पाहिली आणि गोड हसून म्हणाल्या, "किसुकेसान, तुमच्या समुद्राला तुमची आठवण येत असेल." मी म्हटलं, "येऊ दे, मला नाही येत," आणि भांडी घासायला बसलो. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एवढ्या गुणी मुलाला आमच्या टीचभर दुकानात अडकवायचं म्हणजे जिवावर येतं." मी म्हटलं, "संकोच करू नका, मला चालतं." तिसऱ्या दिवशी माझे कपडे घडी करून, फडक्यात बांधून, दाराशी ठेवलेले. एवढी माया सख्ख्या आईने केली नाही. मी आभार मानले आणि गाठोडं परत फळीवर ठेवलं.

शेवटी विहिरीवर शिनोने मला गाठलं. "अहो खुळोबा, आई तीन दिवस तुम्हाला कामावरून काढतेय."

"मग तोंडाने सांगत का नाही?"

"सांगितलं की. गाठोडं बांधून दिलं, आणखी काय ढोल वाजवायचा?" ती हसता हसता विहिरीच्या कठड्यावर बसली. "याहून उघड आईला बोलता येणार नाही. आमच्या घरात कुणीच बोललेलं नाही. तुम्ही आपले असेच ढ राहा."

तसा राहिलोय. कळूनही न कळल्यासारखं वागायला फार कष्ट पडतात आत्या, आधीच्या चार नोकऱ्यांत मिळून एवढे पडले नव्हते. तब्येतीला जप. फार खोल बुडी मारू नकोस.

तुझा भाचा,
किसुके

ता.क. पाक तसा वाईट नसतो. भर दुपारी शिनो माझ्यासाठी एक वाडगा बाजूला ठेवते, तो पोटात उतरला की बेंबीपर्यंत गार वाटतं. हे बंदरभर करू नकोस.

आणखी एक ता.क. शिनोला मी विचारलं, आपल्या गावच्या रीतीने, सरळ. ती हो म्हणाली, तीही सरळ. मग दोघांनी मालकीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगबाई, किती छान. समुद्राची हवा शिनोला मानवेल." हा होकार की नकार, हे शिनोलाही उलगडेना. तेव्हा आत्या, तू ये. पाण्यातून डोकं वर काढून होडीवाल्यांना हाक मारतेस त्या आवाजात विचार, मुलगी देता की नाही. त्या तुझ्या किमोनोची कितीही तारीफ करू देत, हो किंवा नाही ऐकल्याशिवाय उठू नकोस. तुझं येण्याचं एक तिकीट, आणि उत्तर नाही असेल तर परतीला तुझ्यासोबत मीही, म्हणजे आणखी दोन, असे तिन्ही तिकिटांचे मिळून दोन हजार चारशे येन पाठवतोय.