कर्ता-क्रियापदाचं लग्न आणि कुसाआत्याचा रुसवा

हरसूल,
रविवार, दुपार

प्रिय कुसाआत्या,

लांबूनच साष्टांग नमस्कार. (जवळ येऊन केला असता तर तू पाय मागे घेतले असतेस, म्हणून पोस्टाने केला.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की बाटली देवघरात ठेवून तिलाच हात जोडतेस? बीपीची गोळी चालू आहे ना? मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण मी आपली सांगून टाकते. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात नि पुढे सगळी सामसूम. रवीदादाला मध्ये घातलं तर तो म्हणतो, "मला ह्याच घरात जेवायचंय, मला मध्ये घेऊ नको." तुझा मुलगा शोभतो. तेव्हा पत्रच लिहिते आहे. पाकीट परत पाठवायचं म्हटलं तरी तुला ते हातात घ्यावं लागेल, आणि हातात घेतलंस की तू ते फोडशीलच, एवढी मी तुला ओळखते.

रवीदादाने जाता जाता एवढं मात्र सांगितलं, की माझ्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर आली तेव्हा तू आधी रडलीस, मग देवापुढे साखर ठेवलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या धोंडीरामकाकांना सांगून माझ्यासाठी पैठणी मागावर लावलीस. जांभळी. (मला जांभळा रंग आवडतो हे तुझ्या अजून लक्षात आहे, हे ऐकून मी पोरांच्या शुद्धलेखनाच्या वह्यांवर रडले. दोन वह्या परत करायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत.) काकांनी चार बोटं विणलीसुद्धा. मग तू चष्मा लावून पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचलीस. तिच्यात अख्ख्या गावाची नावं सापडली आणि तुझं सापडलं नाही. विणकाम थांबलं. त्यात कुणीतरी सांगितलं की ते लग्नच खोटं होतं, म्हणजे नाव तर नाहीच, वर लग्नही नाही! आता ती पैठणी मागावर अर्धवट ताणलेली आहे, काका रोज विचारतात, विणू का उतरवू, आणि तू रोज म्हणतेस, "मला काय विचारता? मी कोण तिची?" आत्या, आईबाबा गेल्यावर माझ्यासाठी तू वेणी घालायला शिकलीस, घरात तोवर नुसते मुलगे होते. पहिली वेणी इतकी घट्ट घातलीस की दिवसभर माझ्या भुवया वर होत्या. तू माझी कोण, हे काय कागदावर लिहायचं? त्यापेक्षा झालं काय ते सांगते. नीट वाच आणि मध्येच टाकून भाजी चिरायला जाऊ नकोस.

ह्या सगळ्याला जबाबदार व्याकरण आहे. नाशिकला आमचं प्रशिक्षण झालं. तिथले मार्गदर्शक म्हणाले, सहावी-सातवीच्या मुलांकडून व्याकरण पाठ करून घेऊ नका, त्यांना ते खेळू द्या. सांगणाऱ्याचं काय जातं! जेवणानंतरचा तास होता, निम्मे शिक्षक पेंगत होते. पण मला आपलं ते पटलं. परत आल्या आल्या मी पोरांच्या गळ्यात शब्दांच्या पाट्या अडकवल्या आणि रांगेत उभं करून त्यांचं वाक्य केलं. माझ्या वर्गात रुद्र म्हणून एक आहे, दोन ओळींच्या वर कधी लिहीत नाही, हात दुखतो म्हणतो. (विहिरीत सूर मारताना दुखत नाही.) त्याला केलं क्रियापद. क्रियापद शेवटी उभं राहतं हे त्याला इतकं पटलं, की दुपारी खिचडीच्या रांगेतही तो शेवटी उभा राहिला. त्याची पाळी येईपर्यंत पातेलं खरवडून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची आजी काठी घेऊन शाळेत हजर. माझ्या नातवाला मागं उभं करनारी ती बाई कोन, दावा मला! हेडसरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतः कपाटामागे काहीतरी शोधू लागले. गोरक्षसरांनी आजीला चहा पाजला म्हणून निभावलं. (गोरक्षसर म्हणजे आमचे गणिताचे. चहा चांगला करतात. आलं ठेचून घालतात, किसून नाही.)

मग मी विचार केला, इथल्या पोरांना पुस्तकाबाहेरचं सगळ्यात जास्त काय कळतं? लग्न! उन्हाळाभर दुसरं करतात काय? कोण रुसलं, कुणाला टोपी मिळाली नाही, कुणाचा मान कुणाच्या आधी, सगळं त्यांना तोंडपाठ. झालं, मी फळ्यावर लग्न मांडलं. कर्ता नवरदेव, क्रियापद नवरी, मध्ये उभं असतं ते कर्म, म्हणजे नवरदेवाची बहीण. विशेषणं म्हणजे नवरदेवाचे मित्र, सारखं त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे. काय सांगू आत्या, वर्षानुवर्षं जे डोक्यात शिरत नव्हतं ते एका तासात शिरलं. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं म्हटल्यावर मुली म्हणाल्या, हो, आमच्या काकूचं तस्संच झालंय. कर्मणी प्रयोगात ते कर्माचं ऐकतं म्हटल्यावर तेजस्विनी ओरडली, "म्हणजे नणंदेचं!" ही तेजस्विनी वर्गातली सगळ्यात हुशार आणि म्हणून सगळ्यात धोकादायक. मी सांगितलं, भावे प्रयोगात मात्र क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, आपलं एकटं राहतं. त्यावर ती म्हणते, "मग बाई, तुम्ही भावे प्रयोगातल्या!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. (घरी आल्यावर हसले नाही, पण ते असो.)

व्याकरण झालं, आता लेखन. पुस्तकात 'निमंत्रणपत्रिका तयार करा' असं असतं आणि मुलं ती गाईडातून उतरवतात. मी म्हटलं, गाईड मिटा. घरी खिळ्याला अडकवलेल्या लग्नपत्रिका आणा, वाचा, आणि आपल्या कर्ता-क्रियापदाच्या लग्नाची पत्रिका स्वतः लिहा. पण नवरदेव व्हायला एक मुलगा तयार होईना, नवरी व्हायला एक मुलगी. (सातवीचं वय. एका बाकावर बसवलं तर मध्ये दप्तराची भिंत घालतात.) तेवढ्यात हेडसरांनी सभेला बोलावलं, मी म्हटलं नावं तुम्हीच ठरवा, आणि गेले. सातवीच्या वर्गाला 'तुम्हीच ठरवा' म्हणू नये, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

तेजस्विनीने ठरवलं. कर्ता कोण? गोरक्षसर, कारण शाळेत सगळं तेच करतात, मोटर चालू करतात, घंटा देतात, कौलांवरचा चेंडू काढतात. क्रियापद कोण? सायलीबाई (म्हणजे मीच), कारण त्यांच्याशिवाय कुठलंच वाक्य संपत नाही. कारणं चोख दिली होती, गुण कापायला जागा नाही. तर पत्रिकेत चि. गोरक्ष (कर्ता) आणि चि. सौ. कां. सायली (क्रियापद) यांचा शुभविवाह. खाली स्वागतोत्सुक हेडसर, व्यवस्थापक खिचडीवाल्या सिंधुबाई, निमंत्रक समस्त इयत्ता सातवी, आणि किलबिलमध्ये पहिलीची पोरं, 'आमच्या बाईंच्या लग्नाला यायचं हं!' पाड्यावरचं एक नाव सोडलं नाही. नाव राहिलं की काय होतं ते पोरांनी घरोघर पाहिलंय. तुझं नाव त्यांनी गाळलं नाही गं, येवल्याला बाईंची आत्या आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तेजस्विनीने तुला हेडसरांच्याही वर घातलं असतं.

इथवरही निभावलं असतं. पण पत्रिका नुसती देत नाहीत, हे ह्या पोरांना मी सांगायला हवं का? घरून तांदूळ आणले, कुंकवात घोळले, पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावली आणि मला न सांगता दारोदार जाऊन पत्रिका आणि अक्षता देऊन आली. आता आपल्याकडे पत्रिका कशी वाचतात तुला माहीतच आहे. आपलं नाव आहे का, वार कुठला, जेवण कधी. कंसातलं कोण वाचतं? त्यातलीच एक कुणीतरी मोबाईलवर फिरवली आणि ती फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचली.

वर्गातल्या वर्गात हे लग्न लावायच्या ठरल्या दिवशी मी हेडसरांच्या टेबलावरचा कपडा घेऊन अंतरपाटाचं काय करावं ते बघत होते, तर बाहेर सनई! खिडकीतून बघते तर अख्खा पाडा मैदानात. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, म्हातारे कडक टोप्यांत, पुढे सहादूबाबा. सहादूबाबा म्हणजे पाड्यावरचे सगळ्यात वडीलधारे, वाजंत्री त्यांनीच सांगितलेली. गोरक्षसर पाण्याच्या टाकीवर चढून झाकण बसवत होते. त्यांना खाली उतरवून फेटा बांधला. बिचाऱ्यांना वाटलं गावाने सत्कार ठेवलाय, ते हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते. (साधा माणूस. सुपारीसुद्धा खात नाही.) मला बायकांनी धरून हळद लावली. मी घसा फोडून सांगते आहे की अहो, माझं लग्न नाही, मला सोडा, तर रुद्रची तीच आजी म्हणते, "समद्या पोरी आसंच म्हनत्यात."

शेवटी मी खुर्चीवर चढले आणि हातात खडू घेऊन त्या सगळ्या वऱ्हाडाला कर्ता आणि क्रियापद समजावून सांगितलं. इतकं शांत ऐकणारा वर्ग मला आजवर मिळालेला नाही. सांगून झाल्यावर सहादूबाबा पुढे आले. "बाई, आक्षता आमच्या दारात आल्या का नाय?" म्हटलं, आल्या. "मंग लगीन हाय. कुनाचं हाय ते तुमी बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काय, लग्न लावलं! व्हरांड्याच्या एका खांबाला कर्त्याची पाटी बांधली, दुसऱ्याला क्रियापदाची, मध्ये टेबलावरचा कपडा धरला, पोरांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली, आणि अख्ख्या पाड्याने दोन खांबांवर अक्षता टाकल्या. (निम्म्या आम्हा दोघांच्या डोक्यावर पडल्या. वारा होता.) एवढं वऱ्हाड बघून सिंधुबाईंनी कपाळाला हात लावला होता, पण लग्न म्हटल्यावर घरोघरून नागलीच्या भाकरी आल्या, भात आला, आमटी आली, सगळे पोटभर जेवले. वर आहेर! स्टीलची ताटं, टॉवेल, टोप्या आणि एक जिवंत कोंबडी. परत न्या म्हटलं तर म्हणे, आहेर माघारी नेत नाय आमी. कोंबडी सध्या प्रयोगशाळेत राहते. पोरांनी तिचं नाव अव्यय ठेवलंय, कारण कितीही समजावलं तरी तिच्यात बदल होत नाही.

आता खरी गंमत ऐक. सोमवारी मी सांगितलं, ह्या लग्नाची बातमी लिहा. रुद्रने तीन पानं लिहिली! दोन ओळींवाल्या रुद्रने! त्यातली दोन जेवणावर, कुठे स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही, वाचताना मला धाप लागली, पण तीन पानं, आत्या! वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर तो घाबरून म्हणाला, बाई, रडू नका, परत लिहून देतो. हेडसरांनी मला ऑफिसात बोलावून एवढंच विचारलं, की पुढचा खेळ कधी आहे, म्हणजे त्या दिवशी मी रजा टाकतो.

तर असं आहे. ते लग्न नव्हतं, तो पाठ होता, आणि माझ्यात नि गोरक्षसरांत काही नाही. (घर दिंडोरीकडे, स्वतःचं. आई एकलहऱ्याला मोठ्या मुलाकडे असते, स्वभाव तुझ्यासारखा, म्हणजे कडक. हे तू विचारलंच असतंस, म्हणून आधीच लिहिलं.) तू रागावलीस त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, गप्प बसलीस त्याचं वाटलं. तू चार शिव्या दे, पण फोन उचल. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला करमत नाही.

तुझीच,
सायली

ता. क. पैठणी उतरवायला सांगू नकोस. धोंडीरामकाकांचे कष्ट वाया जातील, बाकी काही नाही.

ता. क. दुसरा. आहेराची वाटणी करायला आम्ही दोघं परवा बसलो होतो. ताटं विषम निघाली. गोरक्षसर चहा गाळता गाळता म्हणाले, "बाई, वाटून घेतली तर एक उरतं. एका घरात ठेवली तर एकही उरत नाही." मला कळायला जरा वेळ लागला, गणित माझं तू जाणतेसच. कळल्यावर मी चहा सांडला.

ता. क. तिसरा. पत्राचा विषय अगदी वर लिहायचा असतो असं मी पोरांना रोज बजावते आणि माझा इतका खाली आला. येत्या रविवारी ते त्यांच्या आईला घेऊन येवल्याला येतो म्हणतात. मुलीकडून बोलायला घरातलं वडीलधारं लागतं, आणि मला तुझ्यावाचून कोण आहे? गुडघे दुखतात म्हणून सबब सांगू नकोस, तुला बसूनच बोलायचंय.

ता. क. शेवटचा. सोबत नव्या पत्रिकेचा कच्चा कागद जोडला आहे, अक्षर तेजस्विनीचं. तिथीची जागा मोकळी ठेवली आहे, ती तू भर. निमंत्रक म्हणून एकच नाव आहे, सगळ्यात वर, हेडसरांच्याही वर: कुसाबाई. माझं आणि त्यांचं नाव लिहून झाल्यावर पोरीने पेन्सिल थांबवून विचारलं, "बाई, कंस घालू?" मी म्हटलं, ह्या वेळी नको.