नळाच्या आवाजातलं जेवण

प्रिय खरवड्या,

हे नाव वाचून कपाळावर आठी पडली असेल तर पडू दे. बत्तीस वर्षांचा झालास, पुलाच्या कामावर वीस वेल्डर तुझ्या हाताखाली आहेत, तिथे तुला साहेब म्हणत असतील. पण भाताच्या पातेल्याचा तळ खरवडून खायला मिळावा म्हणून जो पोरगा सगळ्यांची जेवणं संपायच्या आधीच चमचा घेऊन टपून बसायचा, त्याला त्याच्या आईने दुसरं काय म्हणावं? नाव बाबांनी ठेवलं आणि चिकटलं. सात महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. ताईचाही नाही, कारण तिच्या फोनवरून मीच बोलणार हे तुला ठाऊक आहे. मी तुला जे बोलले ते मला कुणी बोललं असतं तर मीही उचलला नसता. तुमच्या कामावर सळ्या पोचवणारा ट्रक ड्रायव्हर परवा ताईच्या दुकानात चष्मा करायला आला होता. बोलता बोलता पुलाचा विषय निघाला आणि ताईने त्याला विचारलं, पत्र न्याल का. तो उद्या सकाळी चष्मा घेऊन निघतो. त्याच्या आत मला हे लिहून पुरं करायचं आहे, आणि मी बसलेय तुझ्या नावाची चेष्टा करत. मुद्द्याचं लिहायला हात धजत नाही, दुसरं काय.

आधी घरचं सांगते. ताई बरी आहे, अंगाने सुटली आहे, त्याचं कारण पुढे येईल. बाबा जिथे बाइंडिंग करायचे त्या जागेत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलंय. जागा रिकामी करताना मालकाने कागदाच्या पट्ट्यांचं एक पोतं घरी पाठवून दिलं. वह्यांच्या कडा कापताना उरतात ना, बोटभर रुंद, त्या. ऑपरेशननंतर आवाज गेल्यापासून बाबांचं सगळं बोलणं या पट्ट्यांवर चालतं. बोटभर जागेत माणूस किती बोलणार? आवाज होता तेव्हा तरी कुठे फार बोलत होते म्हणा. घसा आतून इतका आवळून गेलाय की स्वतःची थुंकीसुद्धा उतरत नाही, ती पुसायला हातात सतत रुमाल असतो. पोटातली नळी तू पाहिली आहेस. दिवसातून सहा वेळा डब्यातली पावडर कोमट पाण्यात कालवायची, सिरिंजने हळूहळू सोडायची, मग नळी धुवायची. त्याला आम्ही जेवण म्हणत नाही. फीड म्हणतो. नर्स म्हणायची तसं.

तुला आठवतं, आपल्या घरात कसलीच शिस्त नव्हती. चपला कुठेही, गाद्या कशाही, तुझी पुस्तकं फळीवर कमी आणि पलंगाखाली जास्त. शिस्त एकच, साडेसात. साडेसातला सगळ्यांनी टेबलाशी यायचं आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. शेवटचा माणूस कायम तू. तुझं आपलं पुन्हा भात, पुन्हा भाजी, पुन्हा भात. ताई बसल्या जागी गणितं सोडवायची. मी टेबलाखाली पायाने तुला ढोसायचे, की बाबा रे, आवर, सकाळच्या डब्याला काहीतरी राहू दे. बाबा मात्र हाताची खरकटी बोटं वाळून जाईपर्यंत शांत बसायचे, तुझ्याकडे बघत. पहिल्या घासाला त्यांचा निकाल ठरलेला असायचा, मीठ कमी. एका वर्षी मी आणि ते तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हतो. कशावरून ते आता आठवतही नाही. पण साडेसातला मी वाढायचे, ते बसायचे. बाविसाव्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटले ते हेच, मीठ कमी. संपलं भांडण. खरं सांगू, नंतर नंतर मी मुद्दामच कमी टाकायचे, तेवढंच बोलतील म्हणून.

दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साडेसातला टेबलाशी बसलो. सवयच ती. बाबांना समोर आरामखुर्चीत बसवलं होतं. मी घास घेतला आणि सहज वर बघितलं. त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मी घास गिळला तसा त्यांचा घसा हलला. ताईने गिळला, पुन्हा हलला. प्रत्येक घासाला. मला वाटलं, आपण या माणसाचे हाल करतोय. ताट घेऊन मी स्वयंपाकघरात गेले ती पुन्हा टेबलाशी आले नाही. मी ताईला सांगितलं, आजपासून यांच्या समोर कुणी खायचं नाही, यांच्या नाकाला वास जाऊ द्यायचा नाही. तिने मान डोलावली. तिला विचारलंच कुठे होतं? बाबांना तर त्याहून नाही.

मी काय काय केलं ते ऐक. कांदा परतणं बंद, लसूण बंद, तळणं तर बंदच. ते सकाळी झोपलेले असताना खिडक्या लावून काहीतरी उकडून ठेवायचं आणि गार झाल्यावर खायचं. खायचं कुठे? बाथरूममध्ये. दाराला कडी घालून, बादली उलटी करून तिच्यावर बसायचं, मांडीवर वाडगा, आणि चावण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ चालू ठेवायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुमच्याकडे इतक्या अंघोळी कोण करतं, टाकी दुपारीच रिकामी होते. मी म्हटलं, यांचं आजारपण, धुणं फार निघतं. पोटातली भूक मारायला माणूस चोरी करतो असं ऐकलं होतं, मी स्वतःच्या घरात स्वतः शिजवलेलं चोरून खात होते. ताई दुकानातच जेवून येऊ लागली, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीतले बन. अंगाने सुटली म्हटलं ना, ती त्यामुळे. बाबा पट्टीवर लिहायचे, जेवलात? आम्ही म्हणायचो, भूक नाही हो, मग बघू. ते पुन्हा लिहायचे, मग कधी? त्यांना काही कळत नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. आवाज गेलेल्या माणसाचे कान शाबूत असतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही.

आणि मग तू आलास. ताईने तुला फोनवर बजावलं होतं, बाहेरून जेवून ये, घरात खाण्याचं नाव काढू नकोस. तुझं तू काय ठरवून आलास देव जाणे. मी औषधं आणायला गेले होते. परत येते तर जिन्यापर्यंत तळलेल्या मासळीचा वास. तू बाबांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसलेला, हातात डोंगराएवढं वाढलेलं ताट, तोंडात घास, बोटं चाटत काहीतरी सांगतोयस. बाबांचे खांदे हलत होते. ते हसत होते हे मला आज समजतंय. आवाज नसलेलं हसू मी ओळखलं नाही, मला वाटलं हुंदका आहे. माझं डोकं फिरलं. तुझ्या हातातलं ताट मी ओढून घेतलं आणि म्हणाले, "त्यांच्या डोळ्यांदेखत तुझ्या घशाखाली उतरतं कसं? ऊठ. यापुढे या घराची पायरी चढू नकोस." तू हात न धुताच गेलास. एवढा मोठा पुरुष, खरकट्या हाताने पिशवी उचलून गेलास आणि मी ते सगळं अन्न कचऱ्यात ओतलं. तू गेल्यावर बाबा खूप रडले. मी त्यांना थोपटत होते, सांगत होते, गेला तो, आता नाही कुणी छळणार तुम्हाला. ते माझा हात झटकत होते. मला वाटलं, दुखतंय म्हणून झटकताहेत.

त्यानंतर पट्ट्या कमी झाल्या. आधी रोज दहाबारा असायच्या, मग दोन-तीन. त्यांतली एक ठरलेली, त्याचा फोन? मी मान हलवायचे. सात महिने ते आरामखुर्चीत बसले, आम्ही भिंतीपलीकडे चोरून जगलो, आणि मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते की नवऱ्यासाठी कोण एवढं करतं.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी फीड घेऊन गेले तर बाबांनी नळीच्या तोंडावर पंजा ठेवला. मी हात बाजूला केला, त्यांनी परत ठेवला. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. नळीतून पाणी घेतात, बाकी काही नाही. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, ते पूर्ण शुद्धीत आहेत, त्यांच्या मनाविरुद्ध मी नळीतून काही सोडू शकत नाही. मी रडले, रागावले, पाया पडले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर पट्ट्यांचा गठ्ठा आपटला आणि म्हटलं, काय ते लिहा एकदाचं. ते अर्धा तास लिहीत होते. सात पट्ट्या झाल्या. मी त्या पाठ केल्या नाहीत, पाठ झाल्या. "तुम्ही बाथरूममध्ये जेवता. मला रोज ऐकू येतं. माझ्यामुळे टेबल बंद झालं. तुम्हाला खाताना बघायचो तेव्हा मीही जेवतोय असं वाटायचं. ते तू काढून घेतलंस. मी असेपर्यंत तुम्ही नीट जेवणार नाही. म्हणून लवकर जातो. मग साडेसातला बसा."

हे वाचून मी काय केलं असेल? सरळ उठून कांदा चिरायला घेतला. भरपूर तेलात परतला, खिडक्या बंदच ठेवल्या. ताईला दुकानातून बोलावून घेतलं. टेबल पुसलं, इतक्या महिन्यांची धूळ, औषधांच्या बाटल्या, बिलं, सगळं उचललं. आरामखुर्ची टेबलाला लावली. साडेसातला बसलो. बाबांनी केस विंचरले होते रे. ताईने घास घेतला आणि तो तिच्या तोंडातच राहिला, डोळ्यांतून पाणी ताटात. मी गिळला, मला ठसका लागला. पुन्हा प्रयत्न केला. घास घशाशी जायचा आणि अडायचा. इतके दिवस लपून खाल्लं की माणसाला उघडपणे खाता येत नाही, हे मला आता कळलं. ते आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होते, वाट बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या ताटावर झाकण ठेवलं आणि लिहिलं, राहू दे. त्यानंतर रोज बसलो, काल पुन्हा तेच. आम्ही दोघी त्यांना घासभर जेवून दाखवू शकत नाही. उपासमार आता घरात तिघांची आहे.

आज नववा दिवस. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर दिला आहे, कदाचित तोही नाही. आज सकाळी त्यांनी एकच पट्टी लिहिली. "त्याला बोलाव. त्याला खाता येतं." हे पत्र एवढ्यासाठी. मला माफ कर म्हणून लिहिलेलं नाही, माफी मागायला तोंड नाही मला. तू आल्यावर बाबा नळी घेतील असं मी तुला सांगणार नाही, कारण मला ठाऊक नाही, आणि खोटं सांगून तुला आणायचं नाही. तू पोचशील तेव्हा कदाचित त्यांना डोळे उघडायचंही त्राण नसेल. तरीही त्यांच्या समोर बस, आवाज करत जेव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी दाराबाहेर थांबेन. ड्रायव्हर परवा परत फिरणार आहे, त्याच्याबरोबर नीघ. मी रांधून ठेवते. वाटेत काही खाऊ नकोस. उपाशी ये.

तुझीच,
आई