पोळ्याच्या आत चाळीस एकर

१५ एप्रिल १९५६, रविवार
मोठ्या कामाची नोंद असावी म्हणून आजपासून रोज लिहिणार.

ट्रॅक्टर आला. धुळ्याच्या लिलावातला. जुना आहे, पण लोखंड विलायती. हँडल मारून पेट्रोलवर सुरू करायचा, मग घासलेटवर चालवायचा. पंचक्रोशीत पहिला. ड्रायव्हर भटू, आधी लष्करात ट्रकवर होता.

संध्याकाळी चावडीवर बोललो. गावाचं गायरान चाळीस एकर, सगळं बोराटी आणि बाभळीनं खाल्लेलं. गुरं चरायला जातात ती नाकातोंडाला रक्त घेऊन येतात. पोळ्याच्या आत सगळं साफ करून देतो म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या भरात आणखी एक बोललो : यापुढे माझ्या दावणीला बैल बांधला जाणार नाही. सोन्या-चांद्याची जोडी तिथल्या तिथे धाकट्या भावाला, वनाला, देऊन टाकली. त्याचा एक बैल माघात मेला होता. नको नको म्हणत होता. शेवटी दावं हातात कोंबलं.

घरी बायकोनं, कमलबाईनं, एकच विचारलं, "मंग पोयाले काय नेशात वेसवर?" पोळ्याला वेशीतून पहिली जोडी आमच्या घरची जाते. आजोबांपासूनचा मान. ट्रॅक्टर नेईन म्हणालो. ती ताट उचलून गेली. बायकांना प्रोग्रेस कळत नाही.

१७ एप्रिल
काम सुरू. पद्धत माझीच. बोरीच्या बुंध्याला साखळी बांधायची, दुसरं टोक ट्रॅक्टरला, आणि ओढायचं. पहिली जाळी कडाड् करून आली. अंगावर काटा आला. तासाला आठ जाळ्या धरल्या तर मे महिन्यात काम संपतं. जून मोकळा. जूनमध्ये काय करायचं ते ठरवायला हवं.

१८ एप्रिल
पुढचं चाक पंक्चर. बाभळीचा काटा.

१९ एप्रिल
दुसरं पुढचं चाक. भटू म्हणतो, आधी माणसं लावून काटे वेचून घ्या. माणसंच लावायची तर ट्रॅक्टर कशाला घेतला? असं विचारल्यावर तो चाक खोलायला बसला.

२ मे
चुडामण आला होता. गावची गुरं राखतो, सत्तरी उलटली असेल. ओढलेल्या जाळीकडे बघत बसला आणि म्हणाला, "भाऊ, बोरनं मूय जमीनमाच शे. वरथून तुटनी. पानी पडनं का दुप्पट फुटी." मूळ खालीच राहिलंय म्हणे! मी त्याला हॉर्सपॉवर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अडाण्याशी वाद घालू नये. यापुढे घालणार नाही.

२० मे
मॅग्नेटो गेला, इंजिनात ठिणगीच पडत नाही. भटू पार्ट आणायला जळगावला.

साडेतीन एकर झालं. सुरुवात हळू होते. ओढलेल्या काट्या लोक कुंपणाला नेतात, विचारत नाहीत. सगळ्यात जास्त वना नेतो, तेही सोन्या-चांद्याच्या गाडीतून. मी मोठ्या मनानं बघत उभा राहिलो. चांद्यानं मान वळवली होती. मी नाही बघितलं.

११ जून
भटू परत आला नाही. तिकडेच कुणाच्या ट्रकवर लागला म्हणे. पार्ट मात्र एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. बरंच झालं. आता मीच चालवतो. यंत्राला मालकाचा हात लागतो. हँडल उलटं फिरलं, मनगट सुजलं. डाव्या हातानं लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.

२ जुलै
पाऊस लागला. शेतातल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर निम्म्या चाकापर्यंत बसला. दोन दिवस उघाडीची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी गेलो तर माझं रान पेरलेलं. वनानं पेरलं. त्याला सांगितलं कुणी? उपकार करायचे तर विचारून करावेत. महिनाभर बोलायचं नाही त्याच्याशी.

५ ऑगस्ट
गायरानात गेलो. जिथे जिथे साखळी लावली होती तिथे बोराटी कमरेएवढी. एकेका खोडाला सात-सात फोक, हिरवेगार. चाळीस एकरांत आमचे साडेतीन लांबून ओळखू येतात, तेवढेच दाट आहेत.

चुडामण तिथेच गुरं घेऊन उभा होता. काही बोलला नाही. त्याचा फार राग आला. बोलायला काय जातं माणसाचं?

गायरान पुढच्या वर्षी. खरा मुद्दा पोळ्याचा मान आहे.

३ सप्टेंबर, सोमवार
उद्या पोळा. आज खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलांना जेवणाचं आवतण द्यायचं. कमलबाई सकाळीच वाटी घेऊन वनाकडे गेली. आपलं घर सोडून लोकांच्या बैलांचे खांदे चोळते. दुपारपर्यंत आली नाही.

मी ट्रॅक्टरला गेरू लावला. रेडिएटरच्या जाळीवर बाशिंग, वर सोन्या बैलाची झूल. एका हँडलात सुरू झाला! वना आला, महिना उलटून गेला होता म्हणून बोललो. म्हणाला, जोडी तुमचीच आहे, उद्या दोर तुम्हीच धरा. चावडीवरचा शब्द म्हणजे शब्द, असं सुनावलं. गेला बिचारा.

४ सप्टेंबर, पोळा
ट्रॅक्टर वेशीत बंद पडला. बरोबर तोरणाखाली, मधोमध. मागे साठ-सत्तर जोड्या सजून उभ्या. माझ्या आधी कुणी जायचं नाही, आणि जायला जागाही नाही. हँडल मारून मारून मनगट पुन्हा गेलं. ओरडलो, अरे, एखादी जोडी जुंपा आणि ओढा! वाजंत्री थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुडामण म्हणाला, "आज बैलना खांदावर जू ठेवतस नही, भाऊ."

मला माहीत नव्हतं असं नाही. पन्नास पोळे बघितलेत. विसरलो.

मग माणसं लागली. बोरी ओढायची तीच साखळी. पुढे डावीकडे वना, खांद्यावर साखळी घेऊन. उजवी बाजू रिकामी होती आणि तिथे कुणी येईना. मी लागलो. दोघांनी आणि मागच्या पंधराजणांनी ट्रॅक्टर वेशीबाहेर काढला.

मग सोन्या-चांद्या पहिले गेले. दोर वनाच्या हातात. सोन्या माझ्यापाशी थांबला, बंडीचा खिसा हुंगला. पूर्वी त्यात गूळ असायचा. आज पाना होता. फार वाईट वाटलं.

५ सप्टेंबर
उजवा खांदा सुजला. साखळीचे वळ उठलेत, हात वर जात नाही. ट्रॅक्टर वेशीबाहेरच आहे, त्यावर कोंबड्या बसतात.

कमलबाई वाटी घेऊन आली. परवाचं तूप-हळद उरलं होतं. मला खाली बसवलं, सदरा काढला आणि खांदा चोळला. बराच वेळ चोळला. म्हणाली, जेवायला या, वनाकडची पुरणपोळी ठेवली आहे.

मी मान खाली घालून बसून राहिलो. मग उठलो आणि तिच्या मागे गेलो.