दोन साथी आणि एक कोंबडी

नवापूर,
१० फेब्रुवारी २०२१

ती. आक्कास, हेमकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मला कोरोना निघाला. घाबरू नकोस. ताप उतरलाय, तोंडाची चव तेवढी गेलीय. शेजारचा योगेंद्र डबा ओट्यावर ठेवतो आणि पळत सुटतो.

त्यात इथे पोल्ट्रीत बर्ड फ्लू आलाय. किलोमीटरभरातल्या सगळ्या कोंबड्या मारतायत, घरच्यासुद्धा. माझ्या तांबडी कोंबडीला मी न्हाणीत लपवलंय. दारावर कोरोनाचा कागद आहे, त्यामुळे पथक आत शिरत नाही. म्हणजे बघ, कोरोना झाला तर माणसाला कोंडतात, पण वर संत्री देतात. बर्ड फ्लूत धडधाकट असलं तरी मान मुरगळतात. आता तूच सांग, जास्त वाईट कोणता?

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा हेमकांत

ब्राह्मणपुरी,
१४ फेब्रुवारी

चि. हेमकांतास दगूबाईचे अ. आ.

तुझं पत्र सीमाने आधी दिवसभर उन्हात वाळवलं, मग माझ्या हाती दिलं. सून नर्स असली की पत्र आणि पापड सारखेच. वाचून तिने कपाळावर हात मारला. म्हणे, मामासले याड लागनं का?

तिचं म्हणणं असं की कोरोना गावभर हिंडतो, पण बहुतेक माणसं उठून बसतात. पक्ष्यांचा रोग माणसाला सहसा शिवत नाही. पण शिवलाच, तर जगात आजवर सापडलेल्या रुग्णांतले निम्मे गेले. एक धावणारा, दुसरा दबा धरणारा. आणि तू एकाला अंगात घेतलंस, दुसऱ्याला न्हाणीत जागा दिलीस! आजूबाजूच्या बायांनी रडत आपापल्या कोंबड्या दिल्या असतील. तुझीच का एवढी लाडाची?

संत्री खा. उत्तर लगेच धाड, नाहीतर मीच येऊन उभी राहीन.
तुझी आक्का

नवापूर,
१९ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तांबडी तुझ्या भावजयीच्या, चेतनाच्या हातची. तिने बसवलेल्या शेवटच्या अंड्यांतली. गेल्या श्रावणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं चेतनाला घेऊन गेली ती गेलीच. शेवटचं तोंडसुद्धा मला दाखवलं नाही. पुन्हा तसेच कपडे दारात आले, मला कडी काढवेना.

तुझं पत्र आलं आणि मीच खिडकीतून पथकाला हाक मारली. रामसिंग नावाचा माणूस आला. मी पॉझिटिव्ह आहे म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरला. कोंबडी सुस्त आहे का, असं त्याने विचारलं. कालपासून आहे म्हणालो, आणि मीही मागे सरलो. मधे उंबऱ्यावर मी आणून ठेवलेली तांबडी. उचलायला कोणी पुढे होईना. तो म्हणे तुमचा जास्त वाईट, मी म्हणे तिचा. बराच वेळ आम्ही असे भांडलो. शेवटी तीच उठली आणि त्याच्या बुटांवरचं प्लास्टिक टोचू लागली. तेव्हा त्याने उचलली.

पिशवीचं तोंड बांधायच्या आधी तो थांबला. म्हणाला, बाबा, बघून घ्या.

मी पाहिलं. पोटभर पाहिलं. तो घाई करत नव्हता. मग मीच म्हटलं, बांध आता.

सीमाला सांग, न्हाणी फिनेलने धुतली. आशीर्वाद असू दे.
तुझा हेमकांत