पट्टीवरचा फोटो

४ एप्रिल

ती. आजींना सादर नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हे या घरात येऊन दोन वर्षं झाली तरी माझं ठरलेलं नाही. तुमचे जावई तुम्हाला आई म्हणतात. तो हक्क मी परस्पर उचलणं बरं दिसायचं नाही. भिंगरी तुम्हाला आजी म्हणते, तेच मीही म्हणते.

गुडघा कसा आहे? शेक घेता की अजून अंगावर काढताय? इकडे आम्ही मजेत. गावातल्या लिफ्टा बंद पडायच्या थांबत नाहीत, त्यामुळे तुमच्या जावयांना उसंत नाही. मीही कामात गळ्यापर्यंत आहे. नवा दवाखाना उघडतोय, त्याच्या सगळ्या दारांवरच्या पाट्या माझ्याकडे आल्यात. सध्या मी दिवसभर बाण काढते. पुरुषांकडे बाण, बायकांकडे बाण, रक्त तपासायला बाण. घरी आले की हात आपोआप उजवीकडे वळतो.

मागच्या महिन्यात तुम्ही आलात आणि चहासुद्धा न घेता गेलात. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी भिंगरीचं सांगते.

तुम्हाला आमची स्वयंपाकघरातली चित्रांची पट्टी आवडली नाही. पोरीला दोरीला बांधल्यासारखं केलंय, असं तुम्ही म्हणालात. मला राग आला नाही असं म्हणत नाही, पण आता तो गेलाय. ती पट्टी आली कुठून हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, मग तुम्ही तरी दुसरं काय म्हणणार?

तुमची लेक होती तोवर भिंगरीचा दिवस तिच्या हातात होता. आधी दूध, मग दात, मग निळे मोजे, हे सगळं तिला पाठ होतं आणि ते कुठे लिहून ठेवायची तिला गरजच नव्हती. ती गेली आणि दिवस कुणाच्याच हातात राहिला नाही. मी या घरात आले तेव्हा रोज सकाळी लढाई असायची. बूट दाखवले की किंकाळी, बूट ठेवून दिले तरी किंकाळी. मला वाटायचं पोरगी हट्टी आहे. तिच्या शाळेतल्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं. पुढे काय होणार ते तिला कळत नाही, म्हणून जे हातात आहे ते ती सोडत नाही, असं त्या म्हणाल्या. बोललेलं तिच्या कानावरून निघून जातं. चित्र मात्र जागेवर थांबतं आणि ती पुन्हा पुन्हा बघू शकते.

चित्रं म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. पाट्या रंगवण्यात उभा जन्म गेलाय, एक ब्रश काढायला काय लागतं! मी दात घासायचा असा ब्रश काढला की दुकानावर टांगावा. दांड्याला चकाकी, खाली सावली, वर फेसाचा ढग. भिंगरी त्या चकाकीकडे बघत उभी राहिली, दात राहिले बाजूला. बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, जाहिरात नको. ब्रश हवाय." मग मी साध्या रेघेत काढला. नळाचंही तसंच. मी काढलेला नळ आपल्या नळासारखा नव्हता, म्हणून ती हात न धुता तशीच उभी. त्या नळाची वाट बघत होती बिचारी. शेवटी आपल्याच नळाचा फोटो काढून लावला.

आता रीत अशी आहे. सकाळी दिवसाची कार्डं वरपासून खालपर्यंत वेल्क्रोने पट्टीवर लावायची. एक काम झालं की ते कार्ड ती स्वतः काढते आणि खालच्या डब्यात टाकते. टाकताना "झालं" म्हणते. आजी, तो "झालं" तुम्ही ऐकायला हवा. एखाद्या साहेबाने फाइलवर सही करावी तसा असतो. तुमच्या जावयांनी एकदा मध्येच चहाच्या कपाचं कार्ड लावून बघितलं, म्हटलं आपलीही सोय होईल. तिने ते काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि पुढे गेली.

एक लाल त्रिकोणाचं कार्ड आहे, "बदल". काही ठरल्यासारखं होणार नसेल तर ते लावायचं. परवा शाळेची बस बिघडली. मी बसच्या कार्डावर त्रिकोण लावला, शेजारी बाबांचं कार्ड. ती रडली. त्रिकोणावर नख घासत बराच वेळ रडली. पण मग बाबांचा हात धरला आणि चालत शाळेत गेली. पूर्वी अशा दिवशी आम्ही तिघंही संध्याकाळपर्यंत कामातून गेलेले असायचो. याला बांधणं म्हणत असाल तर म्हणा. मला तर वाटतं, पोरीच्या पायाखाली जमीन आली. तुम्ही सांगूनसवरून आला असतात तर ती न्हाणीघरात कडी लावून बसली नसती. दारात अचानक माणूस उभं, आणि पट्टीवर त्याचं नाव नाही, त्याची तिला भीती वाटली. तुम्ही नकोशा आहात असं नव्हतं ते.

आता फोटोचं.

पट्टीवर ब्रश, बस, ताट यांच्या रांगेत तुमच्या लेकीचा फोटो बघून तुमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला ते मी पाहिलं. फोटो ओढून तुम्ही पर्समध्ये टाकलात, आणि तुमच्या मनात काय आलं ते मला कळलं. या बाईने माझ्या मुलीला खिळ्यावर टांगलेल्या सामानासारखं केलं, हेच ना?

तो मी लावला नव्हता, आजी. तो भिंगरीने लावला.

शेल्फावरून तिने तो कधी काढला कुणी पाहिलं नाही. एके दिवशी बसचं कार्ड सारखं खाली पडत होतं. बघितलं तर त्याच्यामागचं वेल्क्रो कुणीतरी सोलून काढलेलं. ते फोटोच्या पाठीला लावलं होतं, वाकडं, पण घट्ट. आणि फोटो होता संध्याकाळच्या जागेवर, अंघोळीच्या आधी. पूर्वी त्याच वेळी तुमची लेक कामावरून घरी यायची. हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या जावयांनी सांगितलं आणि ते उठून गॅलरीत गेले.

पुढचं लिहायचं मी सकाळपासून टाळतेय.

पट्टीवर लागलेली गोष्ट घडते, हे आम्हीच तिला शिकवलं. म्हणून फोटो लावून ती दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फोटो काढू नका, पण पट्टी खोटी पडू देऊ नका. "फोटो बघायचा" अशी ती वेळ करा, म्हणजे ते रोज खरं होईल. आम्ही तसं केलं. ती फोटो बघते, हो, पण बघून झाला की तो घेऊन पायरीवरच जाते. तुम्ही तो नेल्यापासून त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभी राहते आणि तिथून पुढे सरकत नाही. दुसरे फोटो दाखवले, चालले नाहीत. मी रंगवून दिला. तिने नीट बघितला, अगदी सभ्यपणे परत केला.

बाई म्हणतात, तिला सरळ शब्दांत सांगायला हवं. देवाघरी गेली, लांब गेली, झोपली, असलं काही नाही, कारण लांब म्हटलं की ती बसचं कार्ड आणून देईल. मेली, आता येणार नाही, एवढंच सांगायचं. तुमचे जावई दोनदा तिच्यासमोर बसले. त्यांना शब्द फुटत नाही.

आणि मी? मला बोलता येतं, आजी. दुकानदारांशी, ठेकेदारांशी, कुणाशीही मी बोलते. पण तुझी आई आता येणार नाही, हे वाक्य या घरात माझ्या तोंडून निघू नये. आज ती समजून घेईल, पण मोठी झाल्यावर तिला ते कुणी सांगितलं ते आठवेल.

म्हणून हे पत्र. फोटो टपालाने पाठवू नका, घेऊन या. आणि तुमचाही एक फोटो आधी पाठवा, चष्मा लावलेला, जे कपडे घालून येणार त्यातला. तुमचं कार्ड करते. तुम्ही येणार हे तिला आठवडाभर दिसत राहील. आल्यावर हाका मारू नका, खाऊ पुढे करू नका, नुसत्या बसा. ती येईल. येते ती.

तुमच्या नातीच्या घरातली,
पाट्या रंगवणारी


२९ एप्रिल

ती. आजींना नमस्कार.

पोचल्याचा निरोप मिळाला. पायरीवर बसल्याने गुडघा सुजला असेल, ते निरोपात तुम्ही शिताफीने गाळलंत.

तुम्ही निघताना भिंगरीने वळूनही पाहिलं नाही आणि तुमचे डोळे भरून आले. तुम्ही जिना उतरल्यावर काय झालं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर मनात भलतंच धरून बसाल.

त्याआधी मला एक सांगू द्या. मी ओट्यापाशी उभी होते, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. तुम्ही फोटो तिच्या हातात दिलात, तिने तो जागेवर लावला, बघितला, काढला आणि निघाली पायरीवर. तुमचे जावई तिला अडवायला उठले. तुम्ही त्यांना हाताने बसवलंत आणि भिंत धरत धरत बाहेर गेलात. बसताना तुम्ही कण्हलात तेही ऐकलं.

"ओले केस," भिंगरी म्हणाली. फोटोत त्या केसांवरच तिचं बोट असतं. आम्हाला वाटायचं तिला तो भाग चकचकीत दिसतो म्हणून.

"हो, ओले आहेत," तुम्ही म्हणालात. "पोहून आली होती. मीच काढलाय हा फोटो. घरात यायच्या आधी उभी केली तिला आणि काढला. लादी ओली होईल म्हणून ओरडलेसुद्धा."

तुमची लेक पोहायची हे या घरात तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. लग्नानंतर तिला पाण्यात उतरायला सवड कुठे मिळाली, असं नंतर ते मला म्हणाले.

मग खाली कुणाचं तरी पाऊल वाजलं, भिंगरीची मान वर गेली. आणि तुम्ही सांगितलंत. आवाज न चढवता, तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत.

"ती नाही, बाळा. ती मेली. आता ती येणार नाही. मीपण पुष्कळ वाट बघितली. दारावर टकटक झाली की मीपण उठायचे. ती येणार नाही."

मी हातातलं भांडं खाली ठेवू शकत नव्हते, आवाज होईल म्हणून. भिंगरी रडली नाही, पुढेमागे डोलत राहिली. तुम्हीही तिच्याबरोबर डोलत होतात, आजी. ते तुम्हाला कळलं का कोण जाणे. मग तिने फोटो तुमच्या मांडीवर ठेवला, आत आली, अंघोळीचं कार्ड काढलं आणि न्हाणीघरात गेली. तुम्हाला वाटलं असेल तिला काही समजलंच नाही.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. तुमचं कार्ड तिने काढलं आणि डब्यात टाकलं. "झालं." म्हणूनच तिने वळून पाहिलं नाही, तिच्या लेखी आजी हे काम व्यवस्थित पूर्ण झालं होतं. ही तिची फार मोठी पसंती समजा. तुमच्या जावयांचं कार्ड ती कधीकधी वेळ संपायच्या आधीच डब्यात टाकते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं श्वास रोखून उभे. तुम्ही ठेवून गेलेला फोटो तिने लावला, बघितला. म्हणाली, "ओले केस." आणि थांबली.  तुमचे जावई म्हणाले, "पोहून आली होती." तिने मान हलवली, जसं काही आम्ही परीक्षेत पास झालो. पायरीकडे गेली नाही. फोटो पट्टीवरच ठेवला आणि अंघोळीला गेली. तेव्हापासून रोज तेच. एकदाच मध्ये दारापर्यंत गेली, उंबऱ्यात उभी राहिली, "मेली" म्हणाली आणि परत फिरली. त्या संध्याकाळी मात्र ती रडली. बराच वेळ. तुमच्या जावयांनी तिला घट्ट धरून ठेवलं आणि या वेळी तेही रडले. हे लपवावं असं वाटलं होतं, पण नाही लपवत. बाई म्हणाल्या, हे रडणं योग्य जागचं आहे.

परवा शाळेतल्या बाईंच्या ओळखीने आम्ही पोहण्याचा तलाव बघून आलो. मी तिथल्या दाराचा, पायऱ्यांचा, कपडे बदलायच्या खोलीचा फोटो काढला आणि कार्डं केली. चकाकी नाही, सावली नाही. तिने ती ओळीने मांडली. मग उठून डब्यात हात घातला, सगळं उपसलं आणि तुमचं कार्ड शोधून काढलं. तलावाच्या कार्डाखाली लावलं. पट्टीशेजारी आठवड्याचा तक्ता असतो, त्याच्यावर, रविवारच्या घरात. मी म्हटलं, आजींना विचारायला हवं. तिने माझं बोट धरलं आणि तुमच्या कार्डावर टेकवलं. 

तेव्हा रविवारी सकाळी तलावावर. पाण्यात उतरायला नको, काठावर बसायचंय, खुर्ची मी बघून ठेवलीय, पाठ टेकायची सोय आहे. त्रिकोणाचं कार्ड माझ्यापाशी आहे, पण तुमच्यावर लावायची वेळ आणू नका.

तुम्ही त्या दिवशी दारात माझा हात धरून म्हणालात की जे काम माझं होतं ते तू मला दिलंस, दुसऱ्या कुणाला नाही. मी तेव्हा बाणांची पाटी रंगवायची आहे म्हणून आत पळाले. खरं तर मला रडू येत होतं.

रविवारी आम्ही तिघं तुमच्या बसपाशी उभे असू.

तुमची, आणि आता विचारत नाही,
दुसरी लेक